ओली फांदी आणि कोवळे हाड

वाळलेली काटकी वाकविली की कडकन मोडते. ओली फांदी मात्र एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसतीच वाकते. लहान मुलांची हाडे लवचिक व त्यांवरील आवरण जाड असल्याने, पडल्यावर तीही अनेकदा अशीच अर्धवट मोडतात. यास ‘ग्रीनस्टिक फ्रॅक्चर’ म्हणतात. बहुधा १० वर्षांखालील मुलांत, विशेषतः कोपर ते मनगट या भागात ते आढळते.

सूज बेताची असते, बोटेही हलतात. त्यामुळे ‘मुरगळले असेल’ असे समजून पालक हात तेलाने चोळतात वा आवळून बांधून घेतात. आवळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा खुंटल्यास हात कायमचा अधू होऊ शकतो.

एक्स-रे काढून वेळीच उपचार झाल्यास ४ ते ६ आठवड्यांच्या प्लास्टरने हाड सहसा उत्तम जुळते. प्लास्टरमध्ये बोटे निळसर, थंड वा बधिर झाल्यास तत्काळ रुग्णालयात यावे. प्लास्टर निघाल्यावरही काही आठवडे धावपळीचे खेळ टाळावेत. हाड तेथेच पुन्हा मोडू शकते.

मी वैद्य नव्हे, हिशेब पाहणारा माणूस आहे. तरीही नम्र विनंती, की खर्चाच्या चिंतेने कोणीही एक्स-रे टाळू नये. अडचण कार्यालयात निःसंकोच सांगावी; देणगीदारांच्या दानाचे प्रयोजन तेच आहे.