गडावर थकूनही झोप का लागत नाही? मुक्कामी ट्रेकला निघण्याआधी हे वाचा

शुक्रवारी दिवसभर ऑफिस, रात्री शेवटची कसारा लोकल, पहाटे जीप आणि उजाडताच चढाई. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून हरिश्चंद्रगड किंवा रतनगडला जाणाऱ्या अनेक ग्रुपचे वेळापत्रक असेच असते. सॅक भरताना मॅगी, टॉर्च, पॉवर बँक आठवणीने घेतली जाते. झोपेचा हिशेब मात्र राहून जातो.

एका जागरणाने काय बिघडते?

सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना असते तितकी घसरते, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री बारालाच भरतात. चढाई त्यानंतर सुरू होते. गडावरची रात्रही तळमळत गेली, तर रविवारी कातळावरून उतरताना आणि नाशिक महामार्गावर गाडी चालवताना धोका वाढतो.

थकवा असूनही झोप का येत नाही?

पहिले कारण मेंदूत आहे. अनोळखी जागेत पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू काहीशी सावध राहते, असे अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. त्यामुळे गुहेत कुणी घोरले किंवा कुत्रे भुंकले तरी जाग येते. यावर स्वस्त उपाय म्हणजे कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवर बफ किंवा रुमाल.

दुसरे कारण थंडी. उंची एक हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. हरिश्चंद्रगड १,४०० मीटरहून उंच आहे. म्हणजे डोंबिवलीपेक्षा तिथे साधारण नऊ अंश कमी धरून चला. कोकणकड्याचा वारा वेगळा.

स्लीपिंग बॅग असूनही थंडी का वाजते?

कारण ही थंडी खालून येते. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही, ती फक्त शरीराची ऊब अडकलेल्या हवेत धरून ठेवते. पाठीखाली ती दबते, हवा निघून जाते आणि गुहेचा दगड ऊब शोषून घेतो. म्हणून बॅगेआधी फोमची मॅट हवी. मॅट नसेल तर रिकामी सॅक, दोर, जास्तीचे कपडे पाठीखाली पसरा.

बॅग भाड्याने घेताना ‘कम्फर्ट’ तापमान पाहा. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा शांत झोपेचा नसून केवळ जीव वाचण्याच्या मर्यादेचा असतो.

झोपण्याआधी काय करावे?

• घामाचा टीशर्ट बदला. झोपेसाठी कोरडे कपडे, मोजे आणि कानटोपी प्लॅस्टिक पिशवीत वेगळी ठेवा.
• पोटभर जेवा. उपाशीपोटी थंडी जास्त वाजते.
• दारू टाळा. ती पिऊन ऊब वाटते, पण शरीर उष्णता गमावते आणि झोपही तुटक होते.
• जमीन उतरती असेल तर डोके चढाच्या बाजूला ठेवा.
• तंबू ओढ्याच्या पात्रात किंवा कड्याच्या काठाला लावू नका.
• तंबूत स्टोव्ह किंवा निखारे कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो.
• सकाळी बूट झटकूनच घाला, आत विंचू असू शकतो.

वेळापत्रक कसे बदलावे?

शुक्रवारची रात्र पायथ्याच्या गावात झोपून काढा. हरिश्चंद्रगडासाठी पाचनई, रतनगडासाठी रतनवाडी, राजमाचीला उधेवाडी इथे घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय होते. शनिवारी दोन तास उशिरा चढलात तरी गड तिथेच असतो. हरिश्चंद्रगड आणि रतनगड अभयारण्यात येतात, त्यामुळे गडावर राहण्याचे सध्याचे नियम वन विभागाकडे विचारून घ्या.

शेवटचे, पण महत्त्वाचे. परतीची गाडी कोण चालवणार, हे निघण्याआधी ठरवा आणि रात्री सर्वांत सपाट, कोरडी जागा त्यालाच द्या.