जीपगाडी : सुकाणू यंत्रणेतील सुधारणा

सुकाणू चक्राला, म्हणजे बोलभाषेतील स्टिअरिंगला, दिलेले वळण पुढील चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या पेटी, भुजा, दांडे व सांधे यांच्या मालिकेस सुकाणू यंत्रणा म्हणतात. पक्क्या सडकेवर या मालिकेतील बल मुख्यत्वे हाताकडून चाकाकडे जाते. सडकेबाहेर ते पुष्कळदा चाकाकडून हाताकडे उलटते. सुधारणांचे बहुतेक प्रश्न या फरकातून उद्भवतात.

हिंगोली जिल्ह्यातील शेतरस्त्यांवर याचा प्रत्यय येतो. बेसाल्टापासून बनलेली काळी जमीन पावसाळ्यात फुगते व चिकटते. उघडीप पडली की बैलगाड्या व ट्रॅक्टर यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून कठीण होतात. अशा चाकोरीच्या काठाला पुढचे चाक तिरके अडले म्हणजे सुकाणू चक्र हातातून झटक्याने फिरते. म्हणूनच जाणते चालक अंगठा चक्राच्या कड्यात अडकवून धरीत नाहीत. औंढा नागनाथ परिसरातील डोंगरउतारांवर मुरूम व धोंडे यांचे आघात क्षणिक, पण अधिक तीव्र असतात.

मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४९ च्या सुमारास विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जुन्या बनावटीत रॉस पद्धतीची सुकाणू पेटी असे. तीत सर्पिल खोबणीचा कॅम फिरला की खोबणीतील दोन खुंट्या सरकतात व त्यांना धरणारी भुजा हलते. पुढे ओढदांडा, मधला कोपरदुवा आणि दोन्ही चाकांकडे जाणारे जोडदांडे अशी साखळी असते. खुंट्या खोबणीत घासत असल्यामुळे पेटी झिजते; शिवाय प्रत्येक गोलक सांध्यातील अल्पशी ढिलाई पुढच्या ढिलाईत मिळत जाते. अमेरिकेत १९७२ च्या जीप नमुन्यांपासून सॅगिनॉ पेटी आली. तीत मळसूत्र व नट यांमध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात; घर्षणाऐवजी लोटन होत असल्याने चक्र हलके फिरते व झीज कमी होते. जुन्या जीपवर अशी पेटी बसविणे ही सर्वांत परिचित सुधारणा होय.

मात्र नवी पेटी जुन्या ढिलाईवर इलाज नव्हे. प्रथम गाडीची पुढील बाजू उचलून चाक वर-खाली व आडवे हलवून पाहावे लागते. चाक ज्यांवर वळते ते किंगपिनचे धारवे, म्हणजे बेअरिंगे, सैल असतील, तर विशिष्ट वेगाला पुढील चाके अनावर थरथरू लागतात. हा थरथराट दाबण्यासाठी सुकाणू शामक बसविण्याची रीत आहे. शामकाने लक्षण झाकले जाते, कारण तसेच राहते. ही तडजोड धोक्याचीच आहे.

रुंद टायर व उंच कमानी बसविल्यास यंत्रणेवरील भार वाढतो. गाडी उंचावल्याने ओढदांडा अधिक तिरपा होतो आणि कमान दबताच चाके आपोआप थोडी वळतात. खाली वाकलेली पिटमन भुजा वापरून हा कोन सुधारता येतो. पण तिच्यामुळे पेटीच्या दंडावरील पीळ वाढतो. जोडदांडे जाड केले, तर आघात वळण-भुजेकडे सरकतो. वाकलेला दांडा निदान गाडी थांबवून पाहता येतो, तुटलेली भुजा तशी संधी देत नाही. द्रवीय शक्तिसाहाय्य जोडल्यावर चालकाला प्रतिकार जाणवत नाही, आणि अडलेल्या चाकावर पंपाचे पूर्ण बल पडते. त्यामुळे पेटी ज्या चौकटीला बोल्टांनी जखडलेली असते, तीच तडकण्याचा संभव असतो; तेथे आधारपट्टी द्यावी लागते. नंतर आलेल्या वाहनांत हा विचार मूळ रचनेतच झालेला दिसतो. २०१० मध्ये बाजारात आलेल्या महिंद्र थारमध्ये पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन व शक्तिसाहाय्यित सुकाणू देण्यात आले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असे फेरफार करता येत नाहीत. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. उंची, टायर व पेटी बदलणे या बाबी मात्र नोंदणी प्राधिकाऱ्याकडे आधी तपासून घ्याव्या लागतात.