छोट्यांचा कप, मोठ्यांची पोरं

नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रॅडफर्ड सिटी आणि बरी या दोन इंग्लिश क्लबांचा सामना सुरू झाला आणि तिसऱ्याच मिनिटाला ब्रॅडफर्डचा गोलरक्षक कॉलिन डॉयल मैदानाबाहेर आला. त्याला दुखापत झाली नव्हती की लाल कार्ड मिळालं नव्हतं. स्पर्धेच्या नियमानुसार सुरुवातीच्या अकरांत पहिल्या फळीचे किमान पाच खेळाडू असणं सक्तीचं होतं. डॉयलच्या नावाने ती मोजणी पूर्ण झाली आणि मग राखीव गोलरक्षक आत गेला. नियम पाळला गेला, पण ज्या स्पर्धेचे नियम असे पाळावे लागतात तिचं काहीतरी बिनसलेलं असतं. ही स्पर्धा म्हणजे ‘ईएफएल ट्रॉफी’. इंग्लंडच्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या ४८ क्लबांचा हा कप. त्याच मोसमात, २०१६-१७ मध्ये, त्यात १६ पाहुणे बसवले गेले होते: वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांच्या अकादमींचे २१ वर्षांखालील संघ.

त्या पाहुण्यांमुळे इतका गहजब का झाला, हे समजायला आधी हा कप कुणाचा होता ते पाहायला हवं. १९८३-८४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या विभागातल्या क्लबांना एफए कप आणि लीग कपात फार पुढे जाण्याची आशा नसायची. चार फेऱ्या जिंकल्या तरी पाचव्या फेरीत कुणी लिव्हरपूल नाहीतर आर्सेनल समोर उभं ठाकायचं. या कपात तसं कुणी नव्हतं. आणि १९८५ पासून अंतिम सामना वेम्बलीवर होऊ लागला, मधली काही वर्षं कार्डिफला झाला तेवढीच. ज्या क्लबाच्या पाठीराख्यांनी सबंध आयुष्यात आपला संघ वेम्बलीवर पाहिला नव्हता, त्यांच्यासाठी तिथे जाणारी ही बहुधा एकमेव खरी वाट होती.

१९८८ चा अंतिम सामना वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स आणि बर्नली यांच्यात झाला. दोन्ही क्लब तेव्हा चौथ्या विभागात, म्हणजे व्यावसायिक लीगच्या तळाशी होते. वुल्व्ह्ज पन्नासच्या दशकात तीनदा इंग्लंडचे विजेते, बर्नली १९६० चे. आणि हीच बर्नली १९८७ च्या मे महिन्यात, मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी, लीगमधूनच बाहेर फेकली जाता जाता वाचली होती. वर्षभरात ते लोक वेम्बलीवर पोहोचले. त्या दिवशी मैदानात ८०,८४१ प्रेक्षक होते. सामना वुल्व्ह्जने २-० असा जिंकला. दर्जाने चौथ्या विभागाचा सामना, पण ऐंशी हजार माणसं दर्जा पाहायला आली नव्हती. दोन गावं आपलं नाव अजून पुसलं गेलेलं नाही, हे एकमेकांना दाखवायला आली होती. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा किंवा शिवाजी तरुण मंडळाचा सामना ज्याने पेठेतल्या माणसांबरोबर पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग मोठ्या क्लबांची पोरं इथे आणायची गरज कुणाला पडली? उत्तर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या काळजीत आहे, आणि ती काळजी खोटी नव्हती. २०१४ मध्ये फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या समितीने अहवाल दिला. त्यात मांडलेला आकडा असा: २०१२-१३ च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये सुरुवातीपासून खेळणाऱ्यांत इंग्लंडकडून खेळू शकणारे केवळ ३२ टक्के होते. वीस वर्षांपूर्वी हेच प्रमाण ६९ टक्के होतं. अठरा ते एकवीस या वयात पोरं अडकून पडतात, असं समितीचं म्हणणं होतं. अकादमीच्या सामन्यांत त्यांची कसोटी लागत नाही आणि पहिल्या संघात जागा मिळत नाही. उपाय म्हणून डाइक यांनी मोठ्या क्लबांचे ‘ब’ संघ घेऊन एक नवी श्रेणी उभारायची सूचना केली. खालच्या क्लबांच्या पाठीराख्यांनी ती उधळून लावली. दोन वर्षांनी तीच कल्पना दारातून नव्हे, खिडकीतून आली: लीग राहू द्या, निदान कपात तरी घ्या. सोबत प्रीमियर लीगकडून बक्षिसांसाठी वाढीव दहा लाख पौंड. गटातला सामना जिंकला की दहा हजार पौंड, बरोबरीत सुटला तर पाच हजार. चौथ्या श्रेणीतल्या क्लबाचा खजिनदार हा आकडा हसण्यावारी नेऊ शकत नाही.

गंमत म्हणजे मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, आर्सेनल आणि टॉटनहॅम या पाचांनी त्या पहिल्या वर्षी निमंत्रण नाकारलं. ज्यांच्या पोरांसाठी हा मांडव घातला, तेच आले नाहीत, आणि रिकाम्या जागा दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांच्या अकादमींनी भरल्या. प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. बहिष्काराची मोहीम उभी राहिली. फ्लीटवुडच्या मैदानावर ब्लॅकबर्नच्या २१ वर्षांखालील संघाविरुद्धच्या सामन्याला ३९२ माणसं होती.

त्या मोसमातली सर्वांत बोचरी गोष्ट मात्र दंडाची आहे. दुबळे संघ उतरवल्याबद्दल १२ क्लबांना मिळून ६०,००० पौंडांचा दंड झाला. त्यातले प्रत्येकी १५,००० ल्यूटन टाउन आणि पोर्ट्समथ यांच्या वाट्याला आले. ल्यूटनचा गुन्हा काय? त्यांनी स्वतःच्या अकादमीतली पोरं खेळवली. ती पोरं जिंकलीही. म्हणजे तरुण इंग्लिश खेळाडूंना मोठ्या माणसांविरुद्ध खेळायला मिळावं म्हणून स्पर्धा बदलली आणि एका छोट्या क्लबाने नेमकं तेच केलं तेव्हा त्याच्याकडून पैसे वसूल केले. मला या सगळ्या प्रकरणात इतकं स्पष्ट दुसरं काही दिसत नाही. कोणाची पोरं, हा प्रश्न नियमातच लिहून ठेवला होता. पाहुण्यांनी अकरांत किमान सहा जण २१ खालचे ठेवायचे आणि यजमानांनी मात्र आपले अनुभवी गडी सरावाला द्यायचे.

याची मुळं आणखी पाच वर्षं मागे जातात. ऑक्टोबर २०११ मध्ये लीगच्या ७२ क्लबांनी ‘एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन’ ही योजना ४६ विरुद्ध २२ मतांनी स्वीकारली. योजना मान्य केली नाही तर अकादमींना मिळणारं प्रीमियर लीगचं अनुदान थांबेल, असा दबाव होता. या योजनेने मोठ्या क्लबाने छोट्या क्लबाकडून लहान मुलगा नेला तर द्यायची भरपाई ठरवून टाकली. नऊ ते अकरा या वयांसाठी वर्षाला तीन हजार पौंड, त्यापुढच्या वर्षांसाठी अकादमीच्या श्रेणीप्रमाणे साडेबारा ते चाळीस हजार. पूर्वी अशा व्यवहारात लवाद बसायचा आणि रक्कम पुष्कळ मोठी होऊ शकायची. आता मुलगा स्वस्त झाला. वायकम्ब वाँडरर्सने २०१२ मध्ये अकादमीच बंद केली. ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये तेच केलं. त्यांची घडवलेली मुलं दोन्ही मँचेस्टरकर क्लब किरकोळ भरपाई देऊन घेऊन गेले होते, मग मुलं घडवायची कुणासाठी? आधी खालच्या क्लबांची पोरं वर गेली आणि नंतर तीच पोरं वरच्या क्लबाचा शर्ट घालून खालच्यांच्या कपात पाहुणी म्हणून आली. हे दोन धागे एकत्र धरले नाहीत तर पाठीराख्यांचा राग अकारण वाटतो.

उलट बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा स्पेनमध्ये आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायलाच हवा. तिथे राखीव संघ लीगच्या उतरंडीतच खेळतात, फक्त आपल्या मुख्य संघाच्या श्रेणीत येऊ शकत नाहीत. २००७-०८ मध्ये पेप ग्वार्दिओला बार्सिलोनाचा ‘ब’ संघ घेऊन चौथ्या श्रेणीतल्या लहान लहान मैदानांवर हिंडत होता. त्या संघात सर्जियो बुस्केट्स आणि पेद्रो होते. २०१० च्या जुलैमध्ये तेच दोघे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनकडून खेळले. पुढे इंग्लंडमध्ये आल्यावर ग्वार्दिओलाने ‘ब’ संघांची बाजू वारंवार मांडली, त्यामागे हा अनुभव आहे.

पण त्याच स्पेनने कपाचं दार मात्र बंद केलं आहे, आणि ही गोष्ट इंग्लंडमधल्या चर्चेत फारशी ऐकू येत नाही. १९८० मध्ये रेआल माद्रिदचा राखीव संघ, दुसऱ्या श्रेणीत खेळणारा कास्तिया, कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. वाटेत त्यांनी अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, रेआल सोसिएदाद आणि स्पोर्टिंग हिहोन असे पहिल्या श्रेणीतले संघ हरवले. अंतिम सामना कुणाशी? रेआल माद्रिदशीच, तोही माद्रिदच्याच मैदानावर. थोरल्यांनी धाकट्यांना ६-१ ने हरवलं. थोरले लीगचेही विजेते असल्याने कपविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत कास्तियाला जागा मिळाली. तिथे वेस्ट हॅमविरुद्ध माद्रिदमध्ये त्यांनी ३-१ असा विजय मिळवला. लंडनचा परतीचा सामना प्रेक्षकांविना झाला, त्यात जादा वेळेत ५-१ ने ते बाहेर पडले. कथा सुंदर आहे, ती पोरं खरोखर गुणी होती. तरीही एका क्लबाने अंतिम सामन्याच्या दोन्ही बाजू व्यापाव्यात, हे कप या कल्पनेलाच छेद देणारं होतं. १९९० नंतर स्पेनच्या कपात राखीव संघांना प्रवेश नाही. जर्मनीतही तेच घडलं. १९९३ मध्ये हर्था बर्लिनचा हौशी संघ जर्मन कपाच्या अंतिम फेरीत गेला आणि बायर लेव्हरकुसेनकडून एकाच गोलने हरला. २००८ पासून तिथेही दुसऱ्या संघांना कप बंद आहे. राखीव संघांचा सर्वांत जास्त अनुभव असलेल्या या दोन देशांनी लीग आणि कप यांत रेघ ओढली. इंग्लंडने नेमकी उलटी निवड केली: लीगमध्ये नको, कपात या.

आपल्याकडचा अनुभवही याला जोडून पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. इंग्लंडच्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत मडगावच्या फातोर्डा मैदानावर अमेरिकेला ४-१ ने हरवलं, त्यात ऱ्हियान ब्रूस्टरची हॅटट्रिक होती. पुढे कोलकात्यात स्पेनला ५-२ ने हरवून ते जगज्जेते झाले. फिल फोडन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही मुलं ईएफएल ट्रॉफीने घडवली नव्हती, ती आधीच घडलेली होती. त्याच स्पर्धेत खेळलेल्या भारतीय मुलांना पुढे सामने मिळावेत म्हणून महासंघाने ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ पुन्हा उभा करून आय-लीगमध्ये उतरवला. गोव्यातल्या बांबोळीत झालेला पहिलाच सामना त्यांनी चेन्नई सिटीविरुद्ध ३-० ने जिंकला आणि दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने केले. त्या मुलांना त्या मोसमाने खूप काही दिलं, यात शंका नाही. पण या संघाला पदावनती लागू नव्हती. तो तळाला राहिला तरी सुरक्षित होता, आणि त्याच्या वर असलेल्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर पदावनतीची पाळी आली. नंतर महासंघाने चर्चिलला लीगमध्ये ठेवलं, ही गोष्ट वेगळी. हरल्याने काहीच न गमावणारा संघ साखळीत असला की बाकीच्यांच्या हरण्या-जिंकण्याचा तोल जातो.

तरुण खेळाडूला कणखर करायची जुनी इंग्लिश रीत वेगळी होती: त्याला काही महिने खालच्या क्लबाकडे लोनवर धाडायचं. डेव्हिड बेकहॅम १९९५ मध्ये प्रेस्टनला गेला. हॅरी केन २०११ मध्ये टॉटनहॅमहून तिसऱ्या श्रेणीतल्या लेटन ओरिएंटला गेला, मग मिलवॉलला. तिथे तो यजमानांचा शर्ट घालून खेळला. सामना हरला तर त्याच गावातल्या माणसांची बोलणी खाल्ली, गोल केला तर त्यांच्याच गळ्यात पडला. २०२० मध्ये टाळेबंदीने छोटे क्लब अडचणीत आले तेव्हा केनने ओरिएंटच्या शर्टाचं प्रायोजकत्व स्वतःच्या खर्चाने घेतलं. पाहुणा संघ म्हणून एका मंगळवारी रात्री येऊन गेलेल्या पोराचं त्या क्लबाशी असं नातं जुळणं मला अवघड वाटतं.

स्पर्धा मेली का? नाही. २०१७ च्या अंतिम सामन्याला कोव्हेंट्री आणि ऑक्सफर्ड पाहायला ७४,४३४ लोक आले. २०१८ मध्ये लिंकन सिटीने उपांत्य फेरीत चेल्सीच्या २१ वर्षांखालील संघाला पेनल्टीवर हरवलं आणि आपल्या इतिहासात पहिल्यांदा वेम्बली गाठली. एका पाहुण्या संघाचा अंतिम सामन्यातला प्रवेश तेव्हा काही पेनल्टींवर अडला होता. २०१९ मध्ये पोर्ट्समथ आणि संडरलंड यांच्या सामन्याला ८५,०२१ प्रेक्षक होते, या स्पर्धेतला तो विक्रम. समर्थक हे आकडे पुढे करतात. पण या गर्दीतल्या कुणीही अकादमीचा संघ पाहायला तिकीट काढलं नव्हतं. क्लबांनी २०१७ मध्ये बहुमताने ही पद्धत पुढे चालू ठेवली, कारण पैसे लागतात. ज्यांच्या हाती वर्षाचा ताळेबंद आहे त्यांना मी दोष देणार नाही. दोष अनुदानाला अट जोडणाऱ्यांचा आहे. प्रीमियर लीगच्या उत्पन्नात दहा लाख पौंड नगण्य आहेत. ते बिनशर्त देता आले असते.

आता हीच पद्धत आणखी एक पायरी खाली उतरली आहे. २०२४ मध्ये पाचव्या श्रेणीतल्या क्लबांसाठी ‘नॅशनल लीग कप’ सुरू झाला आणि त्यातही मोठ्या क्लबांच्या अकादमींचे २१ वर्षांखालील १६ संघ आले. याच नॅशनल लीगचे क्लब कित्येक वर्षांपासून एकच गोष्ट मागत आहेत. वरच्या श्रेणीत दरवर्षी दोनच क्लबांना बढती मिळते, ती तिघांना मिळावी. ‘थ्री अप’ नावाने त्यांनी २०२५ मध्ये मोहीमही उघडली. मागितली होती बढतीची तिसरी जागा, हातात आला पाहुण्यांसोबत खेळायचा कप. मला कुणी विचारलं तर मी आधी ती तिसरी जागा देईन.