पत्र्याखालची थंडी

डिसेंबरात हॉस्टेलवर बादलीभर गरम पाण्यासाठी रांग लागते आणि "काय थंडी आहे यार!" असा आरडाओरडा सुरू होतो, तेव्हा मी गप्प असतो. कारण माझं गाव पोशेरा, तालुका मोखाडा. 2014 साली पालघर जिल्हा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यातले. म्हणून पुष्कळांना वाटतं, ठाण्याकडे कसली आलीय थंडी! एकदा जव्हार-मोखाड्याच्या पठारावर पौषातली रात्र काढा, मग बोलू.

आमचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर कौलं. त्याला बाबांनी मागच्या बाजूने विटांची एक खोली जोडली, 10 बाय 12 फुटांची, वर लोखंडी पत्रा. खोली 'पक्की', म्हणून ती आजीला दिली. सोबतीला धाकटी बहीण. आणि आजी पहिल्याच हिवाळ्यात खोकल्याने बेजार! सुट्टीत गेलो तेव्हा एका पहाटे पाहतो तर निखाऱ्यांची शेगडी खाटेखाली आणि दार-खिडकी गच्च बंद. मी आधी दार उघडलं, शेगडी अंगणात नेली, मग आजीशी भांडलो. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस उठतच नाही. आजी एवढंच म्हणाली, "मग थंडीने मरू का?"

मुद्दा बरोबर होता. हीट ट्रान्सफरमध्ये मार्क चांगले होते, म्हटलं आता वही काढू.

पत्रा अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा स्वतःचा उष्णतारोध जवळजवळ शून्य. अडवते ती फक्त दोन्ही बाजूंना चिकटलेली हवेची पातळ थर. एक चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, साधारण 7 वॅट बाहेर जातात. छप्पर 11 चौरस मीटर. आत-बाहेर 8 अंशांचा फरक ठेवायचा तर 600 वॅट नुसते छपरातून! झोपलेला माणूस देतो 70-80 वॅट. म्हणजे आजी आणि बहीण मिळून आकाश तापवत होत्या. आकाश हा शब्द मुद्दाम वापरला. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग श्वासातली वाफ त्याला लागून थेंब होते आणि गोधडीवर टपकते. ओली गोधडी आणखी थंड.

कुडाच्या घरात असं का होत नाही? भिंत तिथेही जाड नाही. पण चूल आत, छप्पर खाली उतरलेलं, आणि माळ्यावर सामान नि पेंढा. तो पेंढाच खरा कामाचा, कारण काडीकाडीत अडकलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही.

थर्माकोल मी लगेच बाद केला. पैसे लागतात, उंदीर कुरतडतात आणि पेटला तर विषारी धूर. भिंतीपासून भिंतीपर्यंत बांबू टाकले, त्यावर बांबूचा तट्टा, खालून शेणमातीचं लिंपण (सुका पेंढा ठिणगीला घाबरतो, म्हणून हे टाळायचं नाही, विजेची वायरही पेंढ्यापासून लांब घेतली). वर खताच्या रिकाम्या गोण्यांत भाताचा पेंढा भरून चार इंचांचा थर. हिशेबाने छपराची गळती 60-70 वॅटवर आली.

इथे माझं इंजिनीअरिंग आपटलं. थेंब पडू नयेत म्हणून मी गोण्यांच्या वर प्लॅस्टिक अंथरलं. आठ दिवसांत कुबट वास. खोलीतली वाफ पेंढ्यातून वर जात होती आणि थंड प्लॅस्टिकखाली अडकत होती. प्लॅस्टिक उबदार बाजूला हवं, म्हणजे तट्ट्यावर, गोण्यांच्या खाली! पेंढा वाळवून सगळं पुन्हा रचलं. पत्रा आणि भिंत यांमधली फट आधी बुजवणार होतो, ती आता मोकळी ठेवली, वरचा ओलावा निघून जायला. खोलीचा छोटा झरोकाही उघडाच.

भिंतींचं काही केलं नाही. आता सर्वांत जास्त उष्णता तिथूनच जाते, पण खर्च परवडत नाही. आजीची खाट तेवढी बाहेरच्या भिंतीपासून हलवून चुलीच्या बाजूच्या भिंतीला लावली. साधा थर्मामीटर आधी पहाटे 11 दाखवायचा, नंतर 15. एसीवाल्यांना हसू येईल, पण थेंब थांबले आणि शेगडी अंगणातच राहिली.

ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, गोण्या खाली काढायच्या. आमच्याकडच्या पावसात पेंढा बुरसलाच म्हणून समजा. तेव्हा तो बैलांना घालायचा आणि सुगीनंतर नवा भरायचा. यंदाच्या गोण्या भरायला दिवाळीच्या सुट्टीत मला यावंच लागेल, असा आजीचा निरोप आहे. सबमिशन असलं तरी.