दोन धर्मग्राम एक होताना

दोन धर्मग्राम एकत्र येणार म्हटले की पहिला प्रश्न असतो, "आमच्या चर्चचे काय?"

हा निर्णय धर्मप्रांताचे बिशपच घेतात, तोही धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकून (कॅनन 515). धर्मगुरू कमी आहेत, एवढेच कारण पुरेसे नाही, असे व्हॅटिकनने 2020 साली स्पष्ट केले. दोन्हींची मालमत्ता आणि देणी नव्या धर्मग्रामाकडे जातात. मात्र देणगीदारांची इच्छा पाळावी लागते (कॅनन 121). विलीनीकरणाने चर्चला आपोआप कुलूप लागत नाही.

निर्णय मान्य नसेल, तर कळल्यापासून 10 दिवसांत बिशपांकडे लेखी फेरविचार मागता येतो.

म्हणून सभेला आवर्जून जा. दूरच्या पाड्यावरची आजी मिस्सेला कशी पोहोचणार, हेही तिथे विचारा.