बाळाची गोधडी विकताय? आधी टाक्यांचा हिशोब करा!

व्हिडिओत गोधडीचा घरगुती व्यवसाय बघितलात. आता वही-पेन घ्या, कारण इथे आपण त्याचा हिशोब करणार आहोत.

गोधडी शिवणाऱ्या बऱ्याच जणी एकच गोष्ट करतात. कापडाचे पैसे काढायचे, त्यावर शंभर-दोनशे रुपये टाकायचे आणि भाव सांगायचा. पहिलं गिऱ्हाईक बहुतेक नात्यातलं किंवा ओळखीतलं असतं, म्हणून "तुला काय जास्त सांगायचं" असं होतं. मग तोच भाव गावभर होतो. ऑर्डरी वाढतात, पाठ आणि बोटं दुखायला लागतात, पण हातात काही उरत नाही. का? कारण गोधडीत सगळ्यात महाग कापड नसतं, तुमचा वेळ असतो.

आधी वस्तू नीट ठरवा

आपण 34 × 40 इंचाची छोटी गोधडी धरू. वरचं कापड 1 मीटर, खालचं 1 मीटर आणि मध्ये मलमलचे दोन थर, म्हणजे 2 मीटर. एकूण 4 मीटर, पन्हा 44 इंच, सगळं सुती. कापूस भरायचा नाही, नुसते कापडाचे थर. त्यामुळे धुतल्यावर गोळे होत नाहीत आणि लवकर वाळते.

कापायच्या आधी सगळं कापड धुऊन घ्या. सुती कापड आटतं. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात गोधडी वेडीवाकडी होते. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासा. रंग लागला तर ते कापड बाळासाठी नको.

थर एकावर एक पसरा आणि मधून कडेकडे जात कच्चे टाके घालून टाचून घ्या. मग धावदोरा. शेवटी कडेला गोट.

आता खरा हिशोब

40 इंचाच्या उभ्या ओळी, दोन ओळींत 1 इंच अंतर. 33 ओळी होतात. 33 × 40 म्हणजे 1320 इंच, साधारण साडेतेहतीस मीटर हातशिलाई! अंतर अर्धा इंच केलं तर 67 ओळी, म्हणजे 68 मीटर. कापड तेवढंच, गोधडी तेवढीच, मेहनत मात्र दुप्पट.

समजा तुम्हाला एका ओळीला 12 मिनिटं लागतात आणि तुम्ही मिनिटाला 1 रुपया मजुरी धरता, म्हणजे तासाला 60. कापड मीटरला 100 रुपये धरू.

- कापड, दोरा, पिशवी: 450
- धुणं, कापणं, टाचणं, गोट (अडीच तास): 150
- 33 ओळी: 396
- एकूण: 996

त्यावर 20 टक्के नफा धरला की भाव साधारण 1200 रुपये. अर्धा इंची टाक्यांची गोधडी? खर्च 1404, भाव जवळपास 1700. आता सांगा, दोन्ही गोधड्या 700 ला विकल्या तर काय होईल? स्वतःच्या मजुरीतून गिऱ्हाइकाला पैसे दिल्यासारखंच ना!

"बाजारात तर 500 ला मिळते"

हे ऐकायला लागणारच. त्यावर भाव पाडू नका, पर्याय द्या. मशीनच्या गोधडीशी हाताने स्पर्धा होत नाही. "ताई, तुमच्याकडे आजीची जुनी सुती साडी आहे का? ती आणा, त्याचीच शिवून देते." यात कापडाचे 400 रुपये वाचतात, खर्च 596 वर येतो आणि भाव 715 च्या आसपास. गिऱ्हाइकाला स्वस्त पडलं, शिवाय आजीच्या साडीची ऊब मिळाली. तुमची मजुरी मात्र तेवढीच राहिली. फक्त साडी उजेडात धरून विरलेला भाग आधीच दाखवा. तो काढायला जास्त वेळ लागणार असेल तर त्याची मिनिटंही धरा.

बाळाची वस्तू आहे, म्हणून तीन नियम

1. मणी, बटणं, आरसे, लटकन काही नको. सुटलं की थेट तोंडात जातं.
2. सुया आणि टाचण्या मोजून घ्या, काम झाल्यावर पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत गोधडी द्यायची नाही.
3. वय सांगून विका. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा आजूबाजूला सैल पांघरूण, मऊ गाद्या-उशा ठेवू नयेत, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा सल्ला आहे. म्हणून तान्ह्या बाळासाठी देताना "जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, जमिनीवर खेळायला" असं स्पष्ट सांगा. पांघरायला द्यायची ती वर्षापुढच्या मुलाला. एखादी विक्री गेली तरी चालेल, आईचा विश्वास जायला नको.

आजचा गृहपाठ

मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि 40 इंचाची एकच ओळ शिवा. किती मिनिटं लागली? माझे 12 खोडा, तुमचा आकडा लिहा आणि वरचा हिशोब पुन्हा मांडा. कापडाचा भावही तुमच्या गावातला घाला. जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी ते पान उघडायचं. मग समोर मावशी असो की मैत्रीण!