मदरबोर्ड व चिपसेट

मदरबोर्ड हा संगणकातील मुख्य मुद्रित परिपथ फलक असून प्रोसेसर, मेमरी, ड्राइव्ह व विस्तार कार्डे त्याच्याद्वारे परस्परांशी जोडली जातात. त्यावरील चिपसेट हा प्रोसेसर आणि इतर साधने यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीचे नियंत्रण करतो. सुट्या भागांच्या संगणकात प्रोसेसर, मेमरी व ड्राइव्ह पुढे बदलता येतात. चिपसेट मात्र फलकावर डाख देऊन कायमचा बसवलेला असतो. त्यामुळे मदरबोर्डची निवड करणे म्हणजे बऱ्याच अंशी चिपसेटची निवड करणे होय.

रचना

पूर्वी चिपसेटमध्ये दोन प्रमुख चिप असत. नॉर्थब्रिज ही चिप मेमरी व ग्राफिक्स कार्ड यांना प्रोसेसरशी जोडत असे, तर साउथब्रिजकडे ड्राइव्ह, यूएसबी, ध्वनी इत्यादी तुलनेने संथ साधने असत. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मालिकेत आणि इंटेलने २००८ मध्ये नेहेलेम रचनेत मेमरी नियंत्रक प्रोसेसरमध्येच समाविष्ट केला. पुढे नॉर्थब्रिजची उरलेली कामेही प्रोसेसरकडे गेली. आज चिपसेट म्हणजे बहुधा साउथब्रिजचे काम करणारी एकच चिप असते.

ड्राइव्ह इंटरफेस

जुन्या समांतर एटीए जोडणीचा कमाल वेग १३३ मेगाबाइट प्रतिसेकंद होता. तिची जागा घेणाऱ्या साटा जोडणीच्या तिसऱ्या आवृत्तीत हा वेग सुमारे ६०० मेगाबाइटपर्यंत पोहोचला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई मानकानुसार सॉलिड स्टेट ड्राइव्ह थेट पीसीआय एक्सप्रेस मार्गिकांना जोडता येतो. तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांवर सुमारे ३.९ गिगाबाइट प्रतिसेकंद इतका वेग शक्य होतो.

एम.२ हे केवळ खाचेच्या आकाराचे नाव आहे. अशी खाच साटा, एनव्हीएमई किंवा दोन्ही प्रकारांसाठी असू शकते. केवळ साटासाठी असलेल्या खाचेत एनव्हीएमई ड्राइव्ह चालत नाही. काही मदरबोर्डांवर एम.२ खाच वापरल्यास एखादे साटा पोर्ट बंद होते. तसेच चिपसेटला जोडलेल्या सर्व साधनांना प्रोसेसरपर्यंतचा एकच मार्ग वाटून घ्यावा लागतो.

चिपसेटमधील दोषाचे उदाहरण

जानेवारी २०११ मध्ये इंटेलने आपल्या ६ मालिकेतील चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. ३ गिगाबिट वेगाच्या साटा पोर्टची कार्यक्षमता कालांतराने घटण्याची शक्यता होती. ६ गिगाबिटची दोन पोर्ट निर्दोष होती. प्रोसेसरमध्ये दोष नसूनही चिपसेट सुटा काढता येत नसल्याने मदरबोर्ड बदलून देण्याची वेळ आली. दुरुस्ती व बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर इतका अंदाजला होता.

निवडीचे निकष

* सॉकेट व चिपसेट: प्रोसेसर सॉकेटमध्ये बसणे पुरेसे नसते. इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचेच होते. तरी त्यांना ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक होता.
* बायॉस आवृत्ती: नव्या प्रोसेसरसाठी बायॉस अद्ययावत करावे लागू शकते.
* ड्राइव्ह जोडणी: प्रत्येक एम.२ खाचेचा प्रकार, मार्गिकांची संख्या व बंद होणारी पोर्ट यांची माहिती मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेली असते.
* आकार: १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स मानकानुसार पूर्ण आकाराचा फलक ३०५ × २४४ मिलिमीटर असतो. तो संगणकाच्या पेटीत मावणे आवश्यक असते.